कमांड लाइनवरून प्रोग्रॅमला सेटिंग देणं आणि वाचणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत बसून जावाचे छोटे प्रोग्रॅम लिहितो. एक आंबा बागायतदारांच्या पेट्यांचा हिशोब करतो, दुसरा होडीवाल्यांसाठी भरती-ओहोटीची चिठ्ठी काढतो. बटणं नाहीत, खिडक्या नाहीत, सगळं काळ्या पडद्यावर. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ते कुणाकुणाच्या कॉम्प्युटरवर चालतात आणि फोन मला येतात. त्यांत गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकच असतं: "मी सेटिंग दिलं, पण तो घेत नाय." हल्ली हेच प्रोग्रॅम बघून शिकणारी मुलंही विचारायला लागली आहेत, म्हणून वापरणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे प्रश्न एकाच पानावर घेतलेत.

कमांड इथे फोनवर बोलून सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळा. टिंब म्हणजे टिंबच, आणि आडवी रेघ म्हणजे मायनसचं चिन्ह.

१. प्रॉपर्टी म्हणजे नक्की काय?

एक नाव आणि त्याची एक किंमत, दोन्ही निव्वळ मजकूर. `हिशोब.गाव` हे नाव, `देवगड` ही किंमत. प्रोग्रॅम लिहून, बांधून, पेन ड्राइव्हवर देऊन झाल्यावर तो चालवायच्या क्षणी ही जोडी त्याच्या हातात ठेवायची. त्यामुळे देवगडला आणि रत्नागिरीला एकच जार फाइल (बांधलेला प्रोग्रॅम) चालते, फक्त गाव, पेटीतले डझन आणि छापायचा प्रिंटर वेगळा असतो.

काही प्रॉपर्टी जावा स्वतःच भरून ठेवतं: `यूजर.होम` म्हणजे तुमचं घरचं फोल्डर, `यूजर.डिर` म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू केला ते फोल्डर, शिवाय `जावा.व्हर्जन`, `ओएस.नेम`, `जावा.आयओ.टीएमपीडिर` वगैरे. त्या मागाव्या लागत नाहीत, वाचायच्या फक्त.

२. कमांड लाइनवरून ती द्यायची कशी?

अशी: `जावा -डीहिशोब.गाव=देवगड -जार हिशोब.जार`

डीच्या पुढे जागा सोडायची नाही. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडेही नाही. डीनंतर जागा सोडलीत तर जावाला वाटतं `हिशोब.गाव=देवगड` हेच चालवायच्या क्लासचं नाव आहे, आणि "मुख्य क्लास सापडला नाही" म्हणून ते ओरडतं. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडलीत तर ते चक्क `=` नावाचा क्लास शोधायला निघतं. म्हणजे चुकीच्या संदेशातच उत्तर असतं, पण इंग्रजी ओळ दिसली की लोक पडदा बंद करून मला फोन लावतात.

एकच नाव दोनदा दिलंत तर शेवटचं धरलं जातं.

३. बरोब्बर तसंच लिहिलंय, चूक काही येत नाही, तरी गाव रत्नागिरीच छापतंय. का?

कमांड वाचून दाखवा म्हटलं की पुन्हा पुन्हा हेच ऐकू येतं: `जावा -जार हिशोब.जार -डीहिशोब.गाव=देवगड`. क्रम उलटा.

जावा डावीकडून वाचत येतं. जार फाइलचं नाव लागेपर्यंत जे दिसेल ते त्याचं. त्या नावानंतरचं सगळं प्रोग्रॅमचं, जावा त्याला हात लावत नाही. त्यामुळे शेवटी लिहिलेलं `-डी` प्रॉपर्टी होत नाही, ते `मेन`च्या (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या भागाच्या) आर्ग्युमेंटच्या, म्हणजे कमांडच्या शेवटी दिलेल्या मजकुरांच्या, यादीत एक साधा मजकूर म्हणून येऊन पडतं. माझा प्रोग्रॅम पूर्वी अनोळखी आर्ग्युमेंट गुपचूप सोडून द्यायचा, त्यामुळे चूकही दिसायची नाही. आता आर्ग्युमेंट `-डी`ने सुरू होत असेल तर तो "हे जारच्या आधी लिहा" असं सांगून थांबतो. चार ओळींचा कोड आहे, पण आंब्याच्या सीझनमधले माझे किती फोन वाचले म्हणून सांगू. तुम्ही स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल तर हा घाला.

४. कोडमध्ये वाचायची कशी?

`सिस्टिम.गेटप्रॉपर्टी("हिशोब.गाव")`. नाव सापडलं तर मजकूर मिळतो, नाही सापडलं तर नल, म्हणजे काहीच नाही. दुसरं आर्ग्युमेंट दिलंत, `सिस्टिम.गेटप्रॉपर्टी("हिशोब.गाव", "रत्नागिरी")`, तर नलऐवजी ते मिळतं.

दोन बारकावे. नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक चालत नाही, गावचा पहिला जी कॅपिटल झाला की ती वेगळी प्रॉपर्टी. आणि किंमत न देता नुसतं `-डीहिशोब.गाव` लिहिलं तर नल येत नाही, रिकामा मजकूर येतो, म्हणजे तुमचं "नसेल तर रत्नागिरी" लागूच होत नाही आणि पावतीवर गावाच्या जागी मोकळी जागा छापली जाते. मी वाचतानाच रिकामं आहे का हेही तपासतो.

५. आर्ग्युमेंट, प्रॉपर्टी, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, फाइल. कुठे काय वापरायचं?

दर वेळी बदलतं ते आर्ग्युमेंट: आजची तारीख, कुणाची पावती. जागेनुसार बदलतं, पण रोज तेच राहतं, ते फाइलमध्ये: गाव, प्रिंटर. एखाद दिवशी फाइलला डावलायचं असेल तर `-डी`. अख्ख्या मशीनला लागू असेल, किंवा प्रोग्रॅम चालवणारं दुसरंच यंत्र असेल, तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमबाहेर, सिस्टिममध्ये लावून ठेवलेली नाव-किंमत). फाइलबद्दल प्रश्न ७, चारही ठिकाणी वेगवेगळं लिहिलं तर काय होतं ते प्रश्न १०.

६. किंमतीत जागा किंवा उभी रेघ असली की मोडतं. अवतरण कुठे द्यायचं?

पूर्ण तुकड्याला द्या: `"-डीहिशोब.दुकान=गणपती आंबा डेपो"`. दुहेरी अवतरण. लिनक्सवर एकेरी चालतं, विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरण म्हणजे अवतरणच वाटत नाही, म्हणून सगळीकडे दुहेरीची सवय लावून घ्या.

विंडोजच्या नव्या कमांड खिडकीची, पॉवरशेलची, गोष्ट वेगळी. तिथे अवतरण न देता `-डीहिशोब.गाव=देवगड` लिहिलं तर टिंबापाशी त्याचे दोन तुकडे होतात, `-डीहिशोब` आणि `.गाव=देवगड`. मग जावा सांगतं की `.गाव=देवगड` नावाचा क्लास सापडत नाही. संदेशात क्लासचं नाव टिंबाने सुरू होताना दिसलं की समजा पॉवरशेल आहे. जागा असो-नसो, तिथे अवतरण हवंच.

उभी रेघ लागते ती प्रॉक्सीच्या (इंटरनेटसाठी मध्ये बसवलेल्या मध्यस्थ सर्व्हरच्या) सेटिंगात. `एचटीटीपी.नॉनप्रॉक्सीहोस्ट्स`मध्ये पत्ते उभ्या रेघेने वेगळे करतात, आणि शेलला (तुमची कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमला) उभी रेघ म्हणजे "पुढचा प्रोग्रॅम जोड" असं वाटतं. तिथेही अवतरणच. प्रॉक्सीवरून आठवलं: `एचटीटीपी.प्रॉक्सीहोस्ट` दिल्याने एचटीटीपीएसचं काम होत नाही, त्याला `एचटीटीपीएस.प्रॉक्सीहोस्ट` वेगळं द्यावं लागतं. नॉनप्रॉक्सीची यादी मात्र दोघांना एकच.

७. रोज एवढं कोण टाइप करणार? फाइलमध्ये लिहून ठेवता येईल ना?

येईल, पण फाइल बाजूला ठेवली म्हणून जावा ती आपणहून वाचत नाही. प्रोग्रॅमने `प्रॉपर्टीज`ची वस्तू तयार करून तिच्यात फाइल लोड करावी लागते, आणि ती जोडी त्या वस्तूतच राहते. `सिस्टिम.गेटप्रॉपर्टी`ला ती दिसत नाही.

फाइलचे नियम सैल वाटतात आणि तिथेच पाय घसरतो. एका ओळीवर एक जोडी. `#` किंवा `!`ने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. नाव आणि किंमत यांच्यात बरोबर, अपूर्णविराम किंवा नुसती मोकळी जागा, काहीही चालतं. किंमतीच्या आधीची जागा गळते, नंतरची गळत नाही! `देवगड` लिहून चुकून स्पेस पडली तर किंमत "देवगड" नसून "देवगड " होते, आणि तुलना फसते. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हा दोष शोधायला वेळ लागतो. मी वाचल्यावर दोन्ही टोकं छाटतो.

आणखी एक: ओळीच्या मधोमध `#` टाकून टीप लिहिता येत नाही. `डझन=५ # मोठा आंबा` असं लिहिलंत तर ती सगळी किंमतच धरली जाते.

जावा ९पासून आणखी एक सोय आहे: सगळे `-डी` एका साध्या फाइलीत लिहून `जावा @सेटिंग.टीएक्सटी -जार हिशोब.जार` म्हणायचं. ही मात्र जावा स्वतः वाचतं.

८. फाइलमध्ये विंडोजचा पाथ लिहिला की फाइल सापडत नाही, कधी प्रोग्रॅमच पडतो.

प्रॉपर्टी फाइलमध्ये उलटी तिरपी रेघ म्हणजे खास खूण. तिच्यापुढे एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब, आणि खास अर्थ नसलेलं अक्षर आलं तर रेघ गुपचूप गळून जाते. `सी:\डेटा\न्यू` रोमनमध्ये लिहिलंत की डीच्या आधीची रेघ गायब आणि एनच्या जागी पाथच्या मधोमध नवी ओळ. सगळ्यात वाईट म्हणजे लहान यू: `सी:\यूजर्स`. यूनंतर चार हेक्स आकडे यायला हवेत अशी जावाची अपेक्षा असते. ते नसतात, म्हणून फाइल लोड होतानाच प्रोग्रॅम कोसळतो.

उपाय सोपा. सरळ तिरपी रेघ लिहा, `सी:/डेटा/न्यू`. विंडोजवरही जावाला ती चालते. उलटीच हवी असेल तर प्रत्येक वेळी दोनदा लिहा. कमांड लाइनवरच्या `-डी`ला हा नियम नाही, तो फक्त फाइलचा.

९. फाइलमध्ये "रत्नागिरी" लिहिलंय, पावतीवर भुताटकी छापून येते.

हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच, म्हणून जरा सावकाश.

`प्रॉपर्टीज`च्या `लोड`ला इनपुटस्ट्रीम दिला तर तो फाइल आयएसओ-८८५९-१ या पश्चिम युरोपच्या लिपीसंचात आहे असं धरून वाचतो. तुम्ही फाइल यूटीएफ-८मध्ये (सगळ्या लिपी चालणाऱ्या पद्धतीत) सेव्ह केलेली असते, आणि त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. "रत्नागिरी"त चिन्हं नऊ: र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. म्हणजे सत्तावीस बाइट, आणि जावा त्यांची सत्तावीस विलायती चिन्हं करून ठेवतं. दर तीन चिन्हांनी डोक्यावर तिरका फराटा असलेला `ए` परत परत दिसला, की ओळखा हीच भानगड.

दुरुस्ती कोडमध्ये आहे: इनपुटस्ट्रीम न देता यूटीएफ-८ सांगून उघडलेला रीडर द्या, `फाइल्स.न्यूबफर्डरीडर` पुरतो. पूर्वी लोक `नेटिव्हटूआस्की` नावाच्या हत्याराने प्रत्येक चिन्हाचा आकडा करून घ्यायचे, र म्हणजे `\यू०९३०` असं. ते हत्यार जावा ९मध्ये काढून टाकलं. त्याच आवृत्तीपासून `रिसोर्सबंडल`च्या फाइल यूटीएफ-८ धरल्या जातात, पण साधं `लोड` अजून जुन्याच वळणाचं. हा भेद माहीत नसला की एक फाइल नीट आणि दुसरी बिघडलेली, असा चकवा लागतो.

फाइल बरोबर वाचली, पण पडद्यावर तरी प्रश्नचिन्हं? मग दोष वाचण्याचा नाही, छापण्याचा. जावा १८पासून `फाइल.एन्कोडिंग` सगळीकडे यूटीएफ-८ आहे, पण पडद्याचं एन्कोडिंग वेगळं ठरतं. जावा १९ किंवा नंतरचं असेल तर `-डीएसटीडीआउट.एन्कोडिंग=यूटीएफ-८` द्या आणि विंडोजच्या प्रॉम्प्टवर आधी `सीएचसीपी ६५००१` चालवा.

उरला तो पहिल्या ओळीचा रुसवा. बाकी सगळं वाचतं, फक्त पहिलीच प्रॉपर्टी नल. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह घालायचं (विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून आपणहून घालत नाही). ते चिन्ह पहिल्या नावाला चिकटतं आणि नाव जुळत नाही. माझा गावठी उपाय: पहिली ओळ कायम `#`ची टीप ठेवायची. चिन्ह चिकटलं तर टीपेला चिकटेल, आपलं काय गेलं.

१०. चार ठिकाणी चार किंमती लिहिल्यात. कोणती धरली जाते?

इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत.

पहिला, फाइल, एन्व्हायर्नमेंट आणि `-डी` यांच्यातला क्रम. तो जावा ठरवत नाही, प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये आधी `-डी`, मग एन्व्हायर्नमेंट, मग फाइल, मग कोडमधली ठरीव किंमत, जी आधी सापडेल ती.

दुसरा, `-डी` स्वतःच कुठकुठून येतं. हा जावाचा प्रांत. `जावा_टूल_ऑप्शन्स` या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं जावाचं यंत्र स्वतः उचलतं, मग तुम्ही प्रोग्रॅम चालवा की कंपायलर. जावा ९पासून `जेडीके_जावा_ऑप्शन्स` आहे, ते फक्त `जावा` या कमांडला लागू होतं. दोन्ही कमांड लाइनच्या आधी धरले जातात, म्हणून वाद झाला तर कमांड लाइन जिंकते. पण एक तिसरं आहे, अंडरस्कोरने सुरू होणारं `_जावा_ऑप्शन्स`. ते कमांड लाइनच्या नंतर वाचलं जातं, म्हणजे तुमच्या डोक्यावर बसतं.

देवगडच्या एका ऑफिसात मी यापायी अख्खी दुपार घालवली. कमांड बरोबर, क्रम बरोबर, अवतरण बरोबर, तरी मेमरी आणि तात्पुरतं फोल्डर दोन्ही भलतंच. कुणीतरी कधीतरी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमसाठी विंडोजमध्ये ते व्हेरिएबल लावून ठेवलं होतं. गंमत म्हणजे जावा दर वेळी पहिल्याच ओळीत "पिक्ड अप _जावा_ऑप्शन्स" असं छापून सांगत होतं. ती ओळ तिथे रोज दिसायची, आणि रोज दिसते म्हणूनच कुणी वाचत नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून माझे प्रोग्रॅम सुरू होताना प्रत्येक सेटिंगची एक ओळ लिहितात, आणि किंमतीसोबत ती कुठून आली तेही: `गाव = [देवगड], कमांड लाइनवरून`, `डझन = [५], फाइलमधून`. चौकटी कंसात, म्हणजे शेवटची चोरटी स्पेसही दिसते. हे एररच्या वाहिनीवर (`सिस्टिम.एर`) लिहा, नाहीतर पावतीतच छापून येईल. आता फोन आला की मी "काय लिहिलंत?" विचारत नाही, "त्याने काय वाचलं ते सांगा" म्हणतो.

११. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला टिंबाचं नाव देता येत नाही, मग?

बॅशमध्ये (लिनक्सच्या शेलमध्ये) नावात टिंब चालत नाही. रीत अशी की टिंबाचा अंडरस्कोर करायचा आणि सगळी अक्षरं कॅपिटल: `हिशोब.गाव`चं `हिशोब_गाव`. हे भाषांतर जावा करत नाही, `सिस्टिम.गेटएन्व्ह`ने वेगळं वाचावं लागतं. विंडोजवर या नावांत कॅपिटल-स्मॉलचा फरक नसतो, लिनक्सवर असतो. घरी चाललं, सर्व्हरवर नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच.

१२. लाइट जाऊन आली की सेटिंग विसरतो. कधी हाताने चालतं, पण क्रॉनमधून चालत नाही.

एक्सपोर्ट केलेलं व्हेरिएबल त्या पडद्यापुरतं जिवंत असतं. पडदा बंद, लाइट गेली, मशीन पुन्हा सुरू झालं, की संपलं. जुलैत आमच्याकडे हे दिवसातून कितीदा होतं ते सांगायला नको. क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) अडचण याचंच जुळं भावंड: तो तुमची लॉगिनची फाइल वाचतच नाही, म्हणून तिथलं एक्सपोर्ट त्याला माहीत नसतं. शिवाय तो घरच्या फोल्डरमधून सुरू होतो, त्यामुळे `यूजर.डिर` बदलतं आणि "बाजूलाच ठेवलेली" सेटिंगची फाइल बाजूला राहत नाही. सेटिंग फाइलमध्ये ठेवा आणि फाइलचा पूर्ण पाथ स्क्रिप्टमध्ये `-डी`ने द्या.

१३. भरतीची वेळ साडेपाच तास मागे कशी काय गेली?

ही माझीच चूक. चिठ्ठी काढणारा प्रोग्रॅम मी घरच्या मशीनवरून भाड्याच्या सर्व्हरवर हलवला. घरी वेळ भारताची होती, सर्व्हरवर यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ. चाचणीत मी तारखा बघितल्या, वेळा नाही.

चूक पकडली एका म्हाताऱ्या तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी). किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. चिठ्ठी म्हणत होती सकाळी साडेनऊ. "तुझो कॉम्प्युटर खंयच्या समुद्रावर आसा?" असं त्यांनी विचारलं. दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा ते साडेबारा तास असतात, म्हणजे भरतीच्या अलीकडे सहा तासांवर ओहोटी. साडेपाच तासांची चूक म्हणजे भरती सांगून जवळजवळ ओहोटीत होडी बाहेर काढायला लावणं. गाळात रुतली असती.

उपाय: `-डीयूजर.टाइमझोन=एशिया/कोलकाता`. याहून बरं म्हणजे कोडमध्येच झोन स्पष्ट लिहायचा आणि मशीनवर अवलंबून राहायचंच नाही. आयएसटी हे तीन अक्षरी नाव टाळा, ते आयर्लंड आणि इस्रायलही वापरतात. आणि कोडमध्ये `टाइमझोन.गेटटाइमझोन`ला चुकीचं नाव दिलंत, समजा हौसेने `एशिया/रत्नागिरी`, तर तो तक्रार न करता जीएमटी हातात ठेवतो. `झोनआयडी.ऑफ` मात्र स्पष्ट एरर देतो. मी तोच वापरतो.

१४. महिना ०७ दिला तर चालतो, ०८ दिला की ठरीव महिना धरतो. हे काय?

माझा आवडता प्रश्न. `इंटिजर.गेटइंटिजर("हिशोब.महिना", १)` असं वाचलंय ना? ही पद्धत नावावरून मजकुराचा आकडा करणारी वाटते, पण ती सिस्टिम प्रॉपर्टी वाचते आणि आकडा समजून घेताना पुढे शून्य दिसलं की तो अष्टमान धरते. अष्टमानात ०१ ते ०७ नेहमीसारखेच. ०८मध्ये आठ हा अंकच अस्तित्वात नाही, म्हणून रूपांतर फसतं, आणि ही पद्धत चूक गिळून ठरीव किंमत देते. ०१० दिलंत तर आठ मिळतात, तेही न बोलता.

मासळीच्या हिशोबात हे फार बेमालूम लपतं. जून-जुलैच्या बंदीत निवांतपणे चाचणी केली, ०६ आणि ०७ दोन्ही ठीक. ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडल्या आणि पहिल्याच दिवशी जानेवारीचा हिशोब. मजकूर आधी `गेटप्रॉपर्टी`ने घ्या आणि `इंटिजर.पार्सइंट`ला द्या. तो दशमानच धरतो, आणि चुकला तर आवाज करतो.

`बूलियन.गेटबूलियन`चंही असंच: तो प्रॉपर्टी वाचतो आणि किंमत `ट्रू` असेल तरच खरं मानतो. "यस", "१", "हो", किंवा किंमतीशिवाय नुसतं `-डी`, हे सगळं खोटं.

१५. पासवर्ड -डीने दिला तर चालेल?

चालेल, पण देऊ नका. त्याच मशीनवर बसलेला दुसरा कुणीही `पीएस`ने पूर्ण कमांड बघू शकतो, आणि ती तुमच्या शेलच्या इतिहासातही उरते. फक्त तुम्हालाच वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवा. आणि प्रश्न १०मधल्या त्या यादीत पासवर्ड छापू नका. मी एकदा छापला आहे.

१६. चालू असलेल्या प्रोग्रॅमला काय मिळालंय ते बाहेरून बघता येतं का?

जेडीके (जावाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीचा पूर्ण संच) असेल तर येतं. `जेपीएस -व्ही`ने चालू जावा प्रोग्रॅम, त्यांचे नंबर आणि दिलेले `-डी` दिसतात. मग `जेसीएमडी`, तो नंबर आणि `व्हीएम.सिस्टिम_प्रॉपर्टीज` लिहा, पूर्ण यादी येते. काहीच चालू नसेल आणि जावाचं स्वतःचं काय आहे ते बघायचं असेल तर `जावा -एक्सशोसेटिंग्ज:प्रॉपर्टीज -व्हर्जन`.

१७. मध्येच बदलली तर? सिस्टिम.सेटप्रॉपर्टी आहे की.

तुमच्या स्वतःच्या प्रॉपर्टी बदलतील, जर तुमचा कोड त्या पुन्हा वाचत असेल तर. एकदा वाचून बाजूला ठेवत असेल तर नाही. जावाच्या बऱ्याचशा प्रॉपर्टी सुरुवातीलाच वाचून ठेवलेल्या असतात: `फाइल.एन्कोडिंग` मागून बदलून उपयोग नाही, `यूजर.डिर` बदलल्याने फोल्डर बदलत नाही, आणि ठरीव टाइमझोन एकदा वापरला गेला की `यूजर.टाइमझोन` लिहून काही हलत नाही. एन्कोडिंग आणि टाइमझोन `-डी`नेच द्या.

आणि काही गोष्टी `-डी`नेही हलत नाहीत. `नेटवर्कअ‍ॅड्रेस.कॅश.टीटीएल` ही दिसायला तशीच, पण ती सिक्युरिटी प्रॉपर्टी आहे. ती जावाच्या `जावा.सिक्युरिटी` फाइलमध्ये किंवा कोडमधून `सिक्युरिटी.सेटप्रॉपर्टी`ने लावतात.

१८. ग्रेडलला -डी दिलं, प्रोग्रॅमला पोचलं नाही.

ग्रेडल म्हणजे प्रोग्रॅम बांधायचं हत्यार. ते `-डी` ग्रेडलच्या स्वतःच्या जावाला पोचलं. तुमचा प्रोग्रॅम किंवा टेस्ट तो वेगळ्या जावामध्ये चालवतो, तिथे बिल्ड फाइलमध्ये `सिस्टिमप्रॉपर्टी` लिहून पुढे द्यावं लागतं. `-पी` म्हणजे प्रोजेक्टची प्रॉपर्टी, ती तिसरीच.

१९. प्रॉपर्टीचं नावच मराठीत ठेवलं तर?

जावाला चालतं, फाइल प्रश्न ९प्रमाणे वाचलीत तर. मी हौसेने `वाऱ्याचा_वेग` असं नाव ठेवलंही होतं. माझ्याकडे चालायचं, मालवणला नल. दोन्ही फाइल शेजारी ठेवल्या, अक्षर न् अक्षर सारखं. शेवटी बाइट उघडून बघितले. त्यातला रफाराचा चुलतभाऊ, तो आडवा अर्धा र, दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडकाम करणारा. दिसतात एकसारखे, जुळत नाहीत. आता त्या प्रॉपर्टीचं नाव रोमनमध्ये `विंड.स्पीड` आहे, आणि तांडेल तिला वाराच म्हणतात.